एकही वाक्य खोटे नाही

शनिवार, ४ ऑक्टोबर १८८४. दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. पेन्सिली तासत होतो. सहा झाल्या, सातवीचे टोक मोडले, म्हणून थांबून हे लिहितो आहे.

संध्याकाळी सहाला हॅलिफॅक्सच्या जुन्या सभागृहात वादसभा आहे. आमच्या बाजूने श्री. थिऑफिलस गारसाइड, सुवार्ता-संरक्षण मंडळाचे व्याख्याते. समोर जेबेझ क्राउदर, लाकडी तळव्यांचे बूट करणारा कारागीर, वय अठ्ठावन्न, गावातल्या नास्तिकांचा म्होरक्या. दोघांना अर्धा अर्धा तास, मग पंधरा पंधरा मिनिटे, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न, माणशी एकच. मी सगळे लघुलिपीत टिपून घ्यायचे. दोन्ही बाजूंनी तपासून सही केल्याशिवाय वृत्तांत छापायचा नाही, असा करार आहे.

मंडळात पगारी सहायकाची जागा निघते आहे. गारसाइड साहेब म्हणाले, "इफ्राइम, आजचा वृत्तांत ही तुझी परीक्षा समज." आठव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत मी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत होतो. शाळेत बहुतेक झोपच लागे. शुद्धलेखन पुढे एकट्याने शिकलो. लोकरीच्या गोदामात गाठी मोजत जन्म काढायचा नसेल तर ही एकच वाट आहे. वही दोनदा पाहिली, पाने कोरी आहेत ना म्हणून.

सोमवार, ६ ऑक्टोबर. रविवारी मी लिहीत नाही.

सभागृह भरले होते, जिन्यातही माणसे होती. साहेबांनी नास्तिकांच्याच एका पुस्तकातले वाक्य वाचून दाखवले: देव सोडला की माणसाला नीतीचे कोणतेच बंधन उरत नाही. टाळ्या दोन वेळा.

क्राउदर उठला. खोकला, पाणी प्याला, पुन्हा खोकला. मग म्हणाला, "साहेब, वाक्य पुरं करा की. पुढं 'असे आमचे विरोधक म्हणतात' असं आहे. मी गिऱ्हाइकाला एकाच पायाचा बूट विकला तर तो माझ्या डोक्यात घालील."

लोक हसले. आमचेसुद्धा.

साहेब शांतपणे म्हणाले, "पुस्तक या क्षणी माझ्या हाताशी नाही."

हे खरे होते. पुस्तक माझ्या पिशवीत होते आणि पिशवी माझ्या खुर्चीखाली. पान एकशे बारा, खुणेची पट्टी घातलेली. पट्टी मीच कापली होती. माझी टाच पुस्तकाला लागत होती. वृत्तांत घेणाऱ्याने सभेत बोलायचे नसते. मला कोणी विचारलेही नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, असे वाटते.

क्राउदरची तक्रार मात्र मी शब्द न् शब्द उतरवली, बुटाच्या विनोदासकट.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. साहेबांनी बुटाच्या ओळीवर बोट ठेवले. "हे हवंच का?" मी म्हणालो, करार आहे. ते हसले. "तू फार प्रामाणिक आहेस, इफ्राइम. गावाला ते कळलं पाहिजे. आपल्याला फार उपयोगी पडेल." मला कान गरम झाल्यासारखे वाटले.

मग छापखान्याचे कच्चे कागद घेऊन क्राउदरच्या दुकानात गेलो. त्याची मुलगी सेलिना वरच्या कातड्याला टाके घालत होती. पंचविशीची असेल. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, देवाचा कारकून आलाय."

क्राउदरने उभ्याने सगळे वाचले. एके ठिकाणी थांबला. "माझं खोकणंसुद्धा लिहिलंस?"

"कंसात."

"तीन वेळा खोकलो होतो."

"दोनदा. तिसऱ्यांदा अध्यक्ष खोकले. तेही लिहिलं आहे."

तो इतका हसला की त्याला बसावे लागले. "सेलिना, ऐकलंस का? तीस वर्षं या लोकांशी भांडतोय, पण हातचं न राखता लिहिणारा माणूस पहिल्यांदा बघितला." सही केली. मग माझ्या पायांकडे पाहिले. "डाव्या बुटाचा नाल झिजलाय. वाकडा चालतोस. काढ." मी कापडी मोज्यावर उभा राहिलो आणि त्याने दोन्ही बुटांना नवे लोखंडी नाल ठोकले. किती म्हणून विचारले. चार पेन्स. खिशात तीनच निघाले.

"राहू दे. पुढच्या खेपेला दे."

"लिहून ठेवतो," मी म्हणालो.

"ते ठेवशीलच," सेलिना म्हणाली.

सोमवार, २७ ऑक्टोबर. जेवणाच्या सुट्टीत सेलिना गोदामाच्या फाटकाशी उभी होती. "बाबा अंथरुणाला खिळलेत. तुला बोलावलंय. मला विचारशील तर मी तुला उंबऱ्यावरही उभं केलं नसतं."

सहानंतर गेलो. वाटेत तीन संत्री घेतली. मनात एक गोष्ट होती, ती लिहितो: मला वाटले त्याला प्रभूकडे यायचे आहे, आणि ते माझ्या हातून होणार.

तसे नव्हते. तो उशांना टेकून बसला होता. श्वास करवतीसारखा. म्हणाला, "पोरा, आमच्यातला कोणी मेला की महिन्याभरात तुमची छापील पत्रिका निघते. शेवटच्या घटकेला किंचाळला, शेवटच्या घटकेला शरण आला. बेन ऑकरॉइड रेल्वेच्या डब्याखाली जागच्या जागी मेला, त्याच्यासुद्धा तोंडी अडीच पानं घातलीत तुम्ही. डोकं कुठं सापडलं होतं ठाऊक आहे? आठ हातांवर. त्यातून बोलला असेल."

ती पत्रिका मी वाचली होती. मला ती आवडली होती.

"माझं तसं करू नका. आमच्यापैकी कोणी साक्ष दिली तर तुम्ही म्हणणार घरचीच माणसं. म्हणून मला ख्रिस्ती साक्षीदार पाहिजे. मी सांगतो, तू लिही."

त्याने सांगितले, मी लिहिले: मी, जेबेझ क्राउदर, शुद्धीवर असून लिहून देतो की जसा जगलो तसाच मरतो आहे. देवावर माझा विश्वास नाही आणि मला भीती वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांच्यावर माझा राग नाही. पुढे कोणी मी पालटलो असे म्हणेल तर तो खोटे बोलतो आहे. खाली त्याची सही, तिच्याखाली साक्षीदार म्हणून माझी.

सेलिनाने कागद उचलला. तो म्हणाला, "नको. त्याच्याकडंच राहू दे. तुझ्याकडं राहिला तर म्हणतील पोरीनं मागाहून केला. एकच प्रत, आणि ती त्यांच्याच माणसाजवळ. मग कोण काय बोलेल?" आणि मला: "मी गेल्यावर सभागृहात उभा राहून वाच. त्या दिवशी चार पेन्स दे. तोवर घेणार नाही."

मी शब्द दिला. संत्री सोलून ठेवली. त्याने एकाच्या दोन फोडी खाल्ल्या.

शनिवार, १ नोव्हेंबर. तो गेला. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे, माझ्या घड्याळाप्रमाणे. ते दोन मिनिटे पुढे आहे.

अर्ध्या दिवसाची सुट्टी म्हणून दीड वाजता गेलो होतो. सेलिना डॉक्टरकडे धावली. खोलीत आम्ही दोघेच. त्याचे ओठ निळे पडले आणि घशातून असा आवाज येऊ लागला की मी भिंतीपर्यंत मागे सरलो. मी मरण पाहिले नव्हते. त्याने डोळे उघडून मला पाहिले.

"घाबरलास होय?" मी मान डोलावली. "प्रार्थनेनं तुला बरं वाटत असेल तर कर. मला काही त्रास नाही त्याचा. इकडं दे हात."

मी गुडघे टेकले. त्याने उजव्या हाताने माझा हात धरला. हात कातड्यासारखा होता. मी मोठ्याने प्रार्थना केली, सात-आठ मिनिटे असेल. खोकल्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. शेवटी तो म्हणाला, "सेलिनाला सांग, मागची खिडकी लाव. कातडं भिजेल." त्यानंतर काही बोलला नाही.

बाहेर खरेच पाऊस लागला होता. खिडकी मीच लावली.

सोमवार, ३ नोव्हेंबर. साहेबांना सगळे सांगितले, काही न वगळता. ते लिहून घेत होते. मधूनमधून विचारत होते.

"प्रार्थना कर, असं तो स्वतः म्हणाला?"

"हो, पण..."

"म्हणाला की नाही?"

"म्हणाला."

"हात त्याने धरला की तू?"

"त्यांनी."

"डोळ्यांत पाणी होतं?"

"होतं."

त्यांनी मजकूर केला आणि माझ्यापुढे सरकवला. "खोटं एकही अक्षर मला नको. तूच तपास." मी तो दोनदा वाचला. इथे उतरवून ठेवतो.

'ज्याने तीस वर्षे प्रभूची निंदा केली त्या जेबेझ क्राउदरने अखेरच्या आजारात एका ख्रिस्ती तरुणाला निरोप धाडून बोलावून घेतले. अंतकाळी त्याने त्या तरुणाला प्रार्थना करण्यास सांगितले. त्याने आपले दोन्ही हात पुढे करून तरुणाचा हात धरला. प्रार्थना संपेपर्यंत त्याने तो सोडला नाही. त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. त्यानंतर काही क्षणांतच त्याची प्राणज्योत मालवली.'

मी म्हणालो, दोन्ही हात नव्हे, उजवा. साहेबांनी ताबडतोब खोडले. "बघ! म्हणूनच तू हवास."

मग मी कागदाचे विचारले. तो मी बरोबर नेला होता. त्यांनी शांतपणे वाचला. "हा सोमवारचा आहे. तो मेला शनिवारी. मधल्या पाच दिवसांत त्याच्या मनात काय झालं ते तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. जे आपल्याला ठाऊक नाही ते छापणं प्रामाणिकपणाचं होईल का?"

मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. कागद माझ्या खोलीत गहाळ होईल म्हणून त्यांनी मंडळाच्या लोखंडी पेटीत ठेवला. पत्रिकेखाली साक्षीदार म्हणून माझे पूर्ण नाव आहे. होलरॉइड बरोबर छापले आहे की नाही ते पाहून आलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दोन हजार प्रती संपल्या, आणखी दोन हजार निघत आहेत. मावशीने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचली आणि रडली. मी तिच्याकडेच राहतो, तिने मला लहानाचे मोठे केले. "आपल्या इफ्राइमचा हात धरून गेला ग तो पापी!" शेजारणींना तिने आल्याचा केक कापून दिला. मला दोन तुकडे.

क्राउदरच्या दुकानाच्या दारावर कोणीतरी खडूने 'आमेन' लिहिले. पुसले, पुन्हा लिहिले. आमची रविवारच्या शाळेतली मुले असतील असे मला वाटले, पण दुसऱ्यांदा लिहिणारा त्यांच्याच नास्तिकांच्या क्लबातला होता, मावशीने पाहिले. क्लबाने त्याच्या थडग्यावर दगड बसवायला वर्गणी जमवली होती. ती चिटणीस अमोस बॅराक्लोने ज्याची त्याला परत केली. त्याचे म्हणणे, शेवटी ढेपाळलेल्या माणसाचे नाव आम्ही दगडावर कोरत नाही. अमोस आणि क्राउदर बत्तीस वर्षांचे मित्र.

सेलिना फाटकाशी आली. "कागद दे."

"माझ्याजवळ नाही."

"कुणाजवळ आहे?"

"मंडळाच्या पेटीत. सुरक्षित आहे."

ती ओरडेल असे वाटले होते. ती पत्रिकेची घडी उलगडून पाहत राहिली. "हात धरला म्हणे. तू भ्याला असशील. भ्यालास म्हणून त्यांनी धरला असेल. शेजारचं कुत्रं ढगांच्या गडगडाटाला भ्यायचं ना, तेव्हा त्यालासुद्धा धरून बसायचे."

तेवढ्यात भोंगा झाला. एक मिनिट उशीर झाला तर अर्ध्या तासाचा पगार कापतात. मी आत गेलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. झोप नाही. मी भ्यालो होतो हे तिला कसे कळले?

शनिवार, २९ नोव्हेंबर. सभागृहात साहेबांचे व्याख्यान: 'नास्तिकाचा अंत'. मला व्यासपीठावर बसवले होते. नवी कॉलर टोचत होती. शेवटी प्रश्न, नेहमीच्या नियमाने माणशी एक.

सेलिना मधल्या रांगेतून उठली. काळा पोशाख, पायांत बापाने केलेले लाकडी बूट. "माझा प्रश्न इफ्राइम होलरॉइडला आहे. ही पत्रिका खरी आहे?"

साहेबांनी मला खुणेने उठवले. मी म्हणालो, "हो. तिच्यातलं एकही वाक्य खोटं नाही."

टाळ्या सुरू झाल्या. ती टाळ्यांच्याही वर आवाज चढवून ओरडली, "मग कागदाचं सांग! त्यांनी सही केलेला कागद, तुझ्या हातचा! आहे की नाही?"

अध्यक्षांनी टेबलावर हातोडी आपटली. "माणशी एकच प्रश्न, बाई. तुमचा झाला."

"हा त्यातलाच आहे!"

"नियम सर्वांना सारखा."

मागून कोणीतरी म्हणाले, "आणखी एक विचारू द्या की, बाप आता वरनं ऐकतोय!" मोठा हशा झाला. ती मागे वळली. शेवटच्या रांगेत क्लबातली सातआठ माणसे होती. "अमोसकाका, तुम्ही विचारा. तुमचा प्रश्न बाकी आहे. फक्त एवढंच विचारा, कागद आहे का."

अमोस बॅराक्लो बसल्या जागी म्हणाला, "पोरी, बापाची लाज झाकायला गोष्टी रचू नकोस. खाली बस."

क्राउदर म्हणाला होता तसेच झाले, फक्त त्याच्याच माणसांकडून. हे मला तिथे उभे असताना सुचले आणि चमत्कारिक वाटले.

ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. हे मी शपथेवर लिहितो. पण कोणी विचारले नाही. साहेबांनी भजन सुरू केले. सगळे उठले, म्हणून ती बाहेर निघालेली दिसली नाही. फक्त लाकडी तळव्यांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. त्या रात्री बारा जणांनी प्रभूचा स्वीकार केला. नावे माझ्याजवळ आहेत.

शुक्रवार, ५ डिसेंबर. जागा मला मिळाली. आठवड्याला एक पौंड. गोदामात नोटीस दिली. मावशीने मुकादमाला स्वतः जाऊन सांगितले.

सोमवार, ८ डिसेंबर. मंडळाच्या कचेरीत पहिला दिवस. साहेबांनी पेटीची किल्ली माझ्या हाती दिली. "आता हे सगळं तुझ्या विवेकावर." आणि ते गाडी गाठायला गेले.

पेटी उघडली. आतले सर्व कागद फार अव्यवस्थित होते. क्राउदरचा कागद वरच होता. त्यावर संत्र्याचा एक डाग आहे, तो पूर्वी माझ्या लक्षात आला नव्हता. दुकान इथून चार मिनिटांवर. मी टोपी घातली. मग त्या बारा जणांचा विचार मनात आला. त्यातला एक दारू सोडलेला सुतार आहे, त्याला चार मुले. कागद बाहेर गेला तर त्याचे काय होईल? आणि मग लोक माझे नाव घेऊन काय म्हणतील? हे दुसरे आधी मनात आले होते. क्रम बरोबर असावा म्हणून लिहितो.

टोपी काढली. नोंदवही आखली आणि कागद नोंदवला: क्रमांक १४, निवेदन, पान एक, अक्षर माझे, दोन सह्या, स्थिती चांगली. मी काही फाडले नाही, काही जाळले नाही.

क्रमांक १५ ही साहेबांच्या हातची यादी आहे: गावातले व आसपासचे आजारी नास्तिक. नावे सात, वय, दुखणे, घरी सोबत कोण असते. त्यांनी माझ्यासाठी खूण केली आहे ती तिसऱ्यावर. अमोस बॅराक्लो, एकसष्ट, हृदयविकार, एकटा.

मंगळवार, ९ डिसेंबर. दुपारी एक वाजता क्राउदरच्या दुकानी गेलो. चार पेन्स मोजून पाकिटात घातले होते. हत्यारे ब्रॅडफर्डच्या व्यापाऱ्याने उचलली होती, भिंतीवर त्यांच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. सेलिना ट्रंकेला दोरी बांधत होती. गिऱ्हाईक महिन्यापासून येत नाही, तीही ब्रॅडफर्डला गिरणीत लागते आहे. दारावरचे 'आमेन' कोणी पुसले नव्हते.

मी पाकीट पुढे केले. तिने ते पाहिले.

"काय आहे?"

"नालांचे."

"कागद वाचलास सभागृहात?"

"नाही."

"मग कसले देतोस? वाचशील त्या दिवशी घेणार, असं म्हणाले होते ते." दोरीची गाठ तिने दातांनी ओढली. "चाल नीट झाली का तुझी?"

मी म्हणालो, झाली. खरेच झाली आहे.

कचेरीत परतल्यावर आजवरचा हिशेब केला.

खर्च: पेन्सिली सात, साडेतीन पेन्स. संत्री तीन, तीन पेन्स. कॉलर एक, सहा पेन्स. एकूण एक शिलिंग, अर्धा पेनी. मंडळाने दिला.

देणे: मावशीला राहण्याजेवण्याचे, सहा शिलिंग, शनिवारी देईन.

देणे: जेबेझ क्राउदर, मयत, यांस बुटांच्या नालांचे चार पेन्स. घेणारा कोणी नाही. पुढच्या पानावर ओढले.